शेवट असलेली चित्रकथा-मालिका सुचवाल का?

नंदगडकर (प्रश्न)

नमस्कार. यंदा उन्हाळ्यात आमच्या नंदगडच्या जुन्या घराची शाकारणी काढली, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवावी लागली. तिच्यात डांबरगोळ्यांच्या वासात गुरफटलेले इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक निघाले, मोजून ३७. खानापूर तालुक्याचा पाऊस काय असतो हे इथल्यांना सांगायला नको. पिना गंजून त्यांचे तपकिरी डाग मधल्या पानांवर उतरले आहेत आणि काही अंकांच्या कडांची कसरीने जाळी केली आहे, पण रंग अजून शाबूत आहेत. दोन रात्री जागून मी ते सगळे पुन्हा वाचले. त्यांतल्या वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'च्या, एका अंकाचे शेवटचे पान नाही. ते माझ्या लहानपणीही नव्हते. त्या कथेचा शेवट काय झाला असेल यावर चुलतभावाशी झालेली भांडणे मला आठवतात. कथेचा शेवट मात्र आजतागायत ठाऊक नाही.

या वाचनाने चित्रकथांची जुनी ओढ जागी झाली आहे, पण काय वाचावे हे कळत नाही. मध्यंतरी बेंगळुरूहून परतताना रेल्वे स्थानकावरच्या दुकानातून एका अमेरिकी महानायकाचा जाडजूड खंड घेतला आणि माझी अवस्था लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखी झाली. कोण कुणाचा कोण, मेलेला माणूस परत कसा आला, याचा काही पत्ता लागेना. शेवटी समजले की हे नीट कळण्यासाठी आणखी चार-पाच मालिका आधी वाचलेल्या असाव्या लागतात. नोकरी सांभाळून मला ते जमणार नाही.

तेव्हा माझी अपेक्षा अशी की मालिकेला शेवट असावा, निदान प्रत्येक खंड स्वतःपुरता पूर्ण असावा; एकूण खंड दहा-बारांच्या फार पुढे नसावेत; आणि चित्रे म्हणजे मजकुराला चिकटवलेली शोभा नसावी. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, कचेरीचे काम कन्नड आणि इंग्रजीत चालते. इंग्रजी सहज वाचतो, कन्नड मात्र अजून अक्षर लावत वाचावे लागते. घरात बारा वर्षांची मुलगी आहे. तिने माझ्यानंतर ते पुस्तक उचलले तर आनंदच आहे, परंतु मी स्वतःसाठी विचारतो आहे, म्हणून केवळ मुलांची पुस्तके सुचवू नयेत ही विनंती.

टिळकवाडीची चित्रशिक्षिका

तुमच्या ट्रंकेचा हेवा वाटला. माझे माहेर शहापूरचे. तिथे आमच्या घरचे असे अंक रद्दीवाल्याने किलोच्या भावाने नेले आणि त्या पैशांत आलेला कुंदा दोन दिवसांत संपला. आईला याची चूक आजही वाटत नाही.

चित्रकथा निवडताना नायकाच्या नावापेक्षा चित्रकाराचा हात पाहावा, असे माझे मत आहे. ट्रंकेतलाच वेताळ घ्या. ली फॉक यांनी तो १९३६ मध्ये निर्माण केला आणि कथा पुढे कित्येक दशके तेच लिहीत राहिले, पण चित्रकार बदलत गेले. १९६१ पर्यंत विल्सन मॅकॉय यांची रेषा होती, साधी, थोडी ताठर, जवळजवळ शाळकरी वाटावी अशी. त्यानंतर सी बॅरी आले आणि त्याच वेताळाच्या अंगाला पीळ, गुहेला अंधार आणि जंगलाला खोली आली. तुमच्या ३७ अंकांत हे दोन्ही हात सापडण्याची शक्यता आहे. दोन अंक शेजारी ठेवून केवळ झाडे कशी काढली आहेत तेवढे पाहा. आणखी एक गोष्ट तुम्हाला जाणवेल. ही चित्रे मुळात वृत्तपत्रांतील आडव्या पट्ट्यांसाठी काढलेली असल्यामुळे अंकाच्या उभ्या पानात बसवताना चौकटी कापाव्या लागत, आणि म्हणून कुठे पात्राचे डोके वरच्या रेघेला टेकते, तर कुठे संवादाचा फुगा विनाकारण अर्धी चौकट व्यापतो.

या कापाकापीच्या अनुभवातूनच पुढे आपल्याकडची चित्रकथा उभी राहिली, असे म्हणता येईल. इंद्रजालच्या कामात असलेले अनंत पै हे मूळचे कर्नाटकातल्या कार्कळचे. त्यांच्या संपादनाखाली अमर चित्र कथेचा 'कृष्ण' निघाला, आणि त्याचा क्रमांक १ नसून ११ आहे. बेंगळुरूचे जी. के. अनंतराम यांच्या सांगण्यानुसार आधीचे दहा अंक कन्नडमध्ये निघाले होते आणि त्यांत परदेशी परीकथा होत्या. आपल्या भागातल्या वाचकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे. 'कृष्ण'ची चित्रे राम वाईरकर यांची. तेच पुढे 'टिंकल' या मुलांच्या मासिकातल्या सुपंडीचे चित्रकार झाले. डोळ्यांवर टोपी ओढलेला शिकारी शंभू वसंत हळबे यांनी काढला. प्रताप मुळीक यांनी अमर चित्र कथेतले देव आणि राजे रेखाटले आणि नंतर राज कॉमिक्सच्या नागराजला अंगकाठी दिली. आपल्यापैकी कितीतरी जणांनी हे अंक इंग्रजीत वाचले आणि त्यांमागचे हात मराठी आहेत हे ध्यानातच आले नाही.

आता शिफारस. खंडांची संख्या सोडली, तर तुमच्या अटींत टिनटिन चपखल बसतो. टिनटिन हा जगभर फिरणारा तरुण बातमीदार. बेल्जियन चित्रकार हर्जे यांनी १९२९ मध्ये तो सुरू केला, एकूण २४ पुस्तके आहेत, त्यांतले शेवटचे अपुरे आहे, आणि आपल्यानंतर दुसऱ्या कोणी टिनटिन पुढे चालवू नये ही हर्जे यांची इच्छा पाळली गेली आहे. म्हणजे दार बंद आहे. कोणी मेलेला परत येणार नाही. मात्र पहिल्या पुस्तकापासून मुळीच सुरू करू नका. सुरुवातीची पुस्तके कच्ची आहेत, आणि काँगोच्या पुस्तकातील आफ्रिकी माणसांचे चित्रण आज वाचताना लाज वाटावी असे आहे. आधी 'टिनटिन इन तिबेट' घ्या. त्यात खलनायक नाही. विमान अपघातात गेलेला मित्र जिवंत आहे, असे स्वप्न टिनटिनला पडते आणि तो त्याला शोधायला निघतो, एवढीच कथा. वाटेत दिल्ली लागते, तिथे कॅप्टन हॅडॉकची आणि रस्त्यात बसलेल्या गाईची जी गाठ पडते ती पाहून तुम्हाला आपला बाजार आठवेल. पण मी ते सुचवते ते पांढऱ्या रंगासाठी. जसजशी चढण चढते तसतशी चौकटींतली पार्श्वभूमी रिकामी होत जाते, आणि माणसे त्या कोऱ्या कागदावर मुंगीएवढी उरतात. कॅप्टन दोराला लोंबकळतो, वरती टिनटिन त्याच दोराने ओढला जात असतो, आणि कॅप्टन त्याला दोर कापायला सांगतो. तिथे पान उलटण्याआधी थांबा.

वर्गात मी मुलांना एक खेळ देते, तो तुम्हीही करून पाहावा. एका पानावरचे सगळे संवाद कागदाच्या कपट्यांनी झाका आणि केवळ चित्रांवरून गोष्ट सांगा. सांगता आली, तर ती चित्रकथा तुमची तिसरी अट पूर्ण करते. नाही आली, तर ते पुस्तक बाजूला ठेवायला हरकत नाही.

निपाणीचा जुना वाचक

बाईंचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, टिनटिनवरही आक्षेप नाही. तरीही सत्तेचाळीस-पन्नाशीच्या वाचकाला चित्रकथेकडे परत आणताना त्याच्या बालपणीच्या चवीचेच काहीतरी वाढले पाहिजे, हे मला पटत नाही. नंदगडकरांनी स्पष्ट लिहिले आहे की ते मुलांचे पुस्तक मागत नाहीत.

मी दोन पुस्तके सुचवतो. पहिले 'भीमायन', २०११ साली आलेले. ही मालिका नव्हे, एकच खंड आहे, म्हणून नियम मोडतो आहे हे मान्य करतो. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेब आंबेडकरांचे अनुभव चितारले आहेत. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा आहे. बाईंनी झाडे पाहायला सांगितले, मी संवादाचे फुगे पाहायला सांगतो. यात सरळ रेघांच्या चौकटी नाहीत, पानभर वळणे घेत जाणारी नक्षी प्रसंग वेगळे करते. सोसणाऱ्या, मायेने बोलणाऱ्या माणसाचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात, आणि ज्या बोलण्यात विष आहे त्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मसूर स्थानकावर उतरून गोरेगावला निघालेली पोरे, त्यांची जात कळल्यावर गाडी हाकायला नकार देणारा गाडीवान आणि रात्रभर न मिळालेले पाणी, हा प्रसंग मी लेखी स्वरूपात अनेकदा वाचला होता. परंतु नांगीचा तो फुगा पाहिल्यावर 'बोल लागणे' म्हणजे काय ते डोळ्यांना कळले. बाबासाहेब १९२५ मध्ये परिषदेसाठी आमच्या निपाणीला आले होते, त्याच्या आठवणी आमच्या आजोबांच्या पिढीने जपल्या, त्यामुळे कदाचित माझे मत थोडे पक्षपाती असेल. ज्यांना याच विषयावरचा जुन्या वळणाचा अंक पाहायचा असेल त्यांनी अमर चित्र कथेतला 'बाबासाहेब आंबेडकर' शेजारी ठेवावा. त्याची चित्रे दिलीप कदम यांची आहेत. एकाच आयुष्याकडे पाहण्याच्या दोन रीती लगेच दिसतात.

दुसरी शिफारस मालिकेचीच आहे, 'बेअरफूट गेन', दहा खंड. केइजी नाकाझावा हे हिरोशिमाचे. ६ ऑगस्ट १९४५ ला ते सहा वर्षांचे होते आणि त्या दिवशी वडील, बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली सापडून गेले. १९७३ पासून त्यांनी ही कथा लिहिली. सुरुवातीलाच बाप पोरांना गव्हाचे शेत दाखवतो: थंडीत पायाखाली तुडवला गेलेला गहू मुळे घट्ट रोवतो आणि मग सरळ वाढतो. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रेषा अगदी मुलांच्या मासिकातल्यासारखी आहे, मोठे डोळे, उड्या, टपल्या, भावाभावांची मारामारी. आणि त्याच रेषेने पहिल्या खंडाच्या शेवटी बॉम्ब पडल्यानंतरचे शहर काढले आहे. अंगावर येते ते यामुळेच. मुलीच्या हाती देण्याआधी पहिला खंड स्वतः वाचा, एवढी सूचना करतो. माझ्या नातवाला मी न वाचताच दिला आणि नंतर आठवडाभर त्याच्या प्रश्नांना उत्तरे देत बसलो. दिल्याचा पश्चात्ताप नाही, पण तयारी नव्हती.

वडगावचा अभियांत्रिकी विद्यार्थी

काका (तुम्हाला काका म्हटले तर चालेल असे गृहीत धरतो), 'बेअरफूट गेन'चा विषय निघालाच आहे तर मंगांविषयी, म्हणजे जपानी चित्रकथांविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या वयाची मुले सध्या बहुतेक तेच वाचतात आणि तुमच्या अटींमध्ये बसणारे सर्वांत जास्त पर्याय तिथेच आहेत.

आधी एक इशारा. मित्रांपैकी कोणी 'वन पीस' सुचवले तर हसून विषय बदला. ती मालिका १९९७ पासून चालू आहे, खंडांनी शंभरी ओलांडली आहे, आणि तुमची ट्रंक तिला पुरणार नाही. लांबलचक मालिकांना माझा विरोध नाही, मी स्वतः ती वाचतो. पण दहा-बारा खंडांची मर्यादा सांगणाऱ्या माणसाला ती सुचवणे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला पावसाळ्यात मलप्रभेत उतरवण्यासारखे आहे.

तुमच्यासाठी माझी निवड नाओकी उरासावा यांची 'प्लूटो' ही आहे. आठ खंड, २००३ ते २००९ या काळात प्रकाशित झालेले, आणि कथा तिथे खरोखर संपते. मूळ कल्पना ओसामु तेझुका यांच्या 'ॲस्ट्रो बॉय'मधल्या १९६४ च्या एका कथेची आहे. जगातले सर्वांत बलवान यंत्रमानव एकेक करून नष्ट होऊ लागतात. तेझुकांनी ती मुलांसाठी मारामारीची कथा म्हणून लिहिली होती. उरासावांनी त्याच घटनांचा तपास गेझिष्ट नावाच्या गुप्तहेराकडे दिला आणि तिची गंभीर रहस्यकथा केली. मूळ कथा वाचलेली नसली तरी काही अडत नाही. मीही नंतरच वाचली. पहिल्याच खंडात एक युद्धात वापरलेला यंत्रमानव एका आंधळ्या, तिरसट संगीतकाराच्या घरी नोकर म्हणून येतो आणि त्याला पियानो शिकायचा असतो. हा प्रसंग बाईंच्या कपट्यांच्या परीक्षेत उत्तीर्ण होईल, कारण त्यातला महत्त्वाचा भाग बोलण्यात नाहीच. म्हातारा बसलेला, मागे यंत्रमानव उभा, आणि चौकटीमागून चौकट कोणी हालत नाही. महानायकांच्या पुस्तकांत इतका वेळ कोणी थांबत नाही.

वाचण्याची पद्धत तेवढी सांगतो, कारण मी स्वतः पहिल्या दिवशी फसलो होतो. इंग्रजीत आलेले मंगा बहुधा मूळ जपानी रचनेप्रमाणे छापलेले असतात, म्हणजे पुस्तक आपल्या दृष्टीने मागून उघडायचे, आणि पानावर उजवीकडच्या वरच्या चौकटीपासून डावीकडे वाचत खाली यायचे. एका चौकटीतले फुगेही उजवीकडून डावीकडे. मी चाळीस पाने उलटी वाचून 'ही कथा फार प्रयोगशील आहे' असे मित्राला सांगितले होते, त्याची आठवण तो अजून काढतो. आजी मात्र अजिबात गोंधळली नाही. तिने एकदा खंड हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली की पोथीची पाने तर आम्ही वर उलटतो, त्यात काय एवढे. वीस-पंचवीस पानांत डोळ्यांना सवय होते.

नंदगडकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काका म्हणायला काहीच हरकत नाही, घरी पुतण्यांची फौज आहेच. बाईंनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री दोन अंक शेजारी ठेवले. झाडांत फरक आहे! एकात झाड म्हणजे खांब आणि वर पाने, दुसऱ्यात वेलींमागे आणखी वेली. चाळीस वर्षे हे अंक माझे होते आणि हे मी पाहिले नव्हते.

एकच विचारतो. कचेरीतले एक सहकारी टिनटिनऐवजी ॲस्टेरिक्स घ्या असे सांगतात. दोन्हींत काय फरक आहे, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला त्याचे इंग्रजी जड जाईल का?

अनगोळची अनुवादक

जड जाईल, पण त्याच कारणासाठी वाचावे, असे मी म्हणेन. मी व्यवसायाने कागदपत्रांचे अनुवाद करते, त्यामुळे या प्रश्नावर गप्प बसणे मला अशक्य आहे.

टिनटिनमध्ये विनोद बहुतांशी कृतीतून येतो: पाय घसरतो, दार तोंडावर आपटते. ॲस्टेरिक्सचा विनोद निम्मा भाषेत आहे. रेने गॉसिनी आणि आल्बेर उदेर्झो यांनी १९५९ मध्ये ही मालिका फ्रेंचमध्ये सुरू केली. रोमन सत्तेने सगळा गॉल प्रांत, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, जिंकला आहे, एक छोटे गाव तेवढे हाती लागत नाही. पात्रांची नावे म्हणजे शाब्दिक कोट्या आहेत. फ्रेंचमधल्या कुत्र्याचे नाव इदेफिक्स, म्हणजे डोक्यात घट्ट बसलेली कल्पना. अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांनी इंग्रजीत त्याला डॉगमॅटिक्स केले. हटवादीपणाचा अर्थ टिकला आणि वर इंग्रजी कुत्राही नावात येऊन बसला. मूळ कोटीपेक्षा अनुवाद सरस ठरण्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. कोटी हा मराठी माणसाचा जुना शौक असल्यामुळे तुम्हाला यात गोडी वाटेल, मात्र पहिल्या वाचनात निम्म्या कोट्या निसटतील हे धरून चाला. माझ्या अजून निसटतात.

अटींच्या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक पुस्तक स्वतंत्र आणि जेमतेम ४४ ते ४८ पानांचे असते. मालिका इतर हातांनी अजून चालू आहे, तेव्हा शेवट हवा असेल तर तो तुम्हीच ठरवा, आणि गॉसिनींनी लिहिलेल्या पहिल्या २४ पुस्तकांवर थांबा. सुरुवात 'ॲस्टेरिक्स अँड क्लिओपात्रा'ने करा. चोविसावे पुस्तक बेल्जियममध्ये घडणाऱ्या कथेचे. त्याचे काम चालू असतानाच १९७७ मध्ये गॉसिनी गेले. पुढची चित्रे काढताना उदेर्झोंनी आकाश काळवंडलेले काढले आणि पाऊस सुरू केला, तो पुढच्या पानांवर पडत राहतो. कथेत त्या पावसाचे काहीच काम नाही. प्रथम वाचले तेव्हा मला यातले काही माहीत नव्हते, तरी पाने एकदम थंड झाल्यासारखी वाटली होती.

खरेदीबाबत एक कळकळीची सूचना. संपूर्ण संच एकदम मागवू नका. मी एका ऑनलाइन दुकानातून मंगाचा संच मागवला, तेव्हा चौथा खंड दोनदा आला आणि पाचवा आलाच नाही. परत पाठवण्याच्या भानगडीत महिना गेला, आणि तोवर कथेतला खुनी कोण हे मला भाच्याने सांगून टाकले होते. आधी एक खंड घ्या, आवडला तर पुढचे. बेळगावात गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात एकदा चौकशी करायलाही हरकत नाही. आणि मराठीत रोज थोडेसे हवे असेल तर चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या 'चिंटू'चे संग्रह आहेत. ती वृत्तपत्रातली तीन-चार चौकटींची पट्टी १९९१ मध्ये सुरू झाली. तुमची अपेक्षा त्याने भागणार नाही हे मला कळते, परंतु मराठी वाचायला कंटाळणारी बारा वर्षांची मुलगी त्याला नाही म्हणत नाही, हा घरचा अनुभव आहे.

बैलहोंगलकर

एवढ्या जाणत्या मंडळींनी लिहिल्यावर मालिकांत मी काय भर घालणार? ज्यांना आपल्या मातीतले काही हवे असेल त्यांनी अमर चित्र कथेतला कित्तूरच्या राणीचा अंक पाहावा. १८२४ ची लढाई आमच्या घरापासून काही मैलांवर झाली, चन्नम्मा राणीची समाधी आमच्या गावात आहे, आणि तिच्या बाजूने लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिली ती नंदगडकरांच्या गावात. बत्तीस पानांत हे सगळे मावत नाही, अंक उभ्या उभ्या पळतो. तरीही ओळखीच्या जागा चौकटीत पाहण्याची मजा वेगळी.

मी लिहितो आहे ते मात्र दुसऱ्याच कारणासाठी. इंद्रजाल कॉमिक्स कन्नडमध्येही निघत असे, आणि आमच्या सासरेबुवांनी त्याचे अंक बांधून ठेवले आहेत. ते कन्नडच वाचत. चित्रे तीच, चौकटी त्याच, फुग्यांतली अक्षरे तेवढी वेगळी. नंदगडकरांनी तुटक्या अंकाच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र इथे टाकावे. मुखपृष्ठ नसेल तर शेवटून दुसऱ्या पानाचे टाकावे. बांधलेले खंड मी या रविवारी चाळतो.

नंदगडकर

मुखपृष्ठ आहे, खालचा कोपरा तेवढा कसरीने खाल्लेला आहे. छायाचित्र सोबत जोडले आहे, आणि शेवटून दुसरे पानही. त्यावरच्या पेन्सिलीच्या रेघोट्या चुलतभावाच्या आहेत, त्यांकडे दुर्लक्ष करावे.

'टिनटिन इन तिबेट' मागवले आहे, त्यानंतर 'प्लूटो'चा पहिला खंड घेईन. 'भीमायन' निपाणीच्या काकांच्या शब्दाखातर त्याच्याही आधी. ॲस्टेरिक्स दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवतो, त्याला शब्दकोश जवळ घेऊन निवांत बसावे लागेल असे दिसते.

बैलहोंगलकर

सापडला. तिसऱ्या खंडात मधोमध आहे, शेवटचे पान स्वच्छ आहे, एकही डाग नाही. भ्रमणध्वनीवर छायाचित्र पाठवू शकतो, पण पुढच्या शनिवारी मला बेळगावला यायचेच आहे, तेव्हा खंड घेऊन येतो. मध्यवर्ती बसस्थानकाजवळ चहा घेत तुम्ही स्वतःच पान उलटा. अक्षर लावायला वेळ लागला तरी चालेल, माझी परतीची बस संध्याकाळची आहे.

नंदगडकर

येतो. चुलतभाऊही येणार म्हणतो. फुगे कपट्यांनी झाकून आधी चित्रावरूनच शेवट ओळखायचा, असे आमच्यात ठरले आहे.